सड्यावर वसाहत आखताय? आधी मे महिन्यातलं पाणी मोजा

शहराला लागून दोन-तीन हजार घरं, जोडीला कारखाने, शाळा, बाजार, सगळं एकाच ठिकाणी, असे प्लॅन आता कोकणातही दिसायला लागलेत, आणि रेवस-रेड्डी सागरी महामार्ग होतोय म्हटल्यावर आणखी दिसतील. जागा कुठली धरतात तर सडा. साहजिक आहे, खाली खाडीकडे सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारा नियम, आडवा येतो, उतारावर कलमांच्या बागा नाहीतर दरडीची भीती, मग उरतो तो वरचा सपाट कातळ, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागलेला, स्वस्त आणि दिसायला रिकामा. माझं म्हणणं एवढंच की तिथे किती घरं बसतील हे एकरांवरून ठरवू नका, मे महिन्यातल्या पाण्यावरून ठरवा.

कारण सडा रिकामा नसतो. वरचा जांभा आंबोळीसारखा जाळीदार, त्यात भेगा, खळगे. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. त्यातलं बरंच पाणी पऱ्ह्यांनी, म्हणजे ओढ्यांनी, सरळ समुद्राला जातं, पण जे आत शिरतं ते खाली उतरत उतरत चिकणमातीच्या थराला अडतं, तिथून आडवं सरकतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. म्हणूनच जुन्या वाड्या सड्यावर नाहीत, पायथ्याशी आहेत, आणि वाडीची बाव, म्हणजे विहीर, तिथेच आहे. पण जांभा पाणी जसं पटकन घेतो तसंच पटकन सोडतोही, त्यामुळे ऑक्टोबरात खळाळणारा झरा मार्चपर्यंत करंगळीएवढा होतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. एवढा पाऊस पडून टँकर कसा लागतो असं बाहेरची माणसं विचारतात, त्याचं उत्तर हे आहे. पाऊस कमी पडत नाही, पडलेलं पाणी थांबत नाही.

आता झऱ्याचं पाणी मोजायला काही मोठं मशीन लागत नाही, एक बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. समजा फेब्रुवारीत १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली, म्हणजे दिवसाला ६४,८०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्या हिशोबाने ४८० माणसांची सोय झाली. पण तीच बादली मे महिन्यात भरायला एक मिनिट लागलं तर दिवसाला २१,६०० लिटर, म्हणजे १६० माणसं. आणि ती १६० माणसं खालच्या वाडीत आधीच राहतायत, त्यांचं पाणी आपण मोजून आपल्या प्लॅनमध्ये टाकायचं नसतं. ही मोजणी दर पंधरा दिवसांनी निदान एक वर्षभर केल्याशिवाय आराखड्याला हात लावू नये असं मला मनापासून वाटतं, एकदा पेव्हर ब्लॉक बसले की मग मोजून काय उपयोग.

बरं, मुंबईतली माणसं घरी येतात कधी? मे महिन्यात आणि गणपतीत. म्हणजे पाणी सगळ्यात कमी तेव्हाच माणसं सगळ्यात जास्त. सरासरीवर केलेला हिशोब इथे फसतो.

छपरावरचं पाणी हा मात्र खरा आधार आहे. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर, थोडं वाया गेलं तरी २ लाख ४० हजार हातात येतं. पाच माणसांच्या घराला १३५ च्या हिशोबाने वर्षाला साधारण २ लाख ४६ हजार लागतं, म्हणजे जवळजवळ पुरं पडतं! अडचण साठवणीची आहे. ऑक्टोबर ते जून काढायचं तर ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद, अडीच मीटर खोल टाकी लागेल, ती घराघराला कोण बांधणार. पण फक्त पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज १० लिटर धरले तर १२,००० लिटरची टाकी पुरते, ही कुणालाही जमण्यासारखी. चार मजली इमारतीत तेच छप्पर चार मजल्यांत वाटलं जातं हे लक्षात ठेवा, नुसतं रेन वॉटर हार्वेस्टिंग लिहून भागत नाही. मोठ्या साठ्यासाठी बंद पडलेल्या चिरेखाणी आहेत, शेततळ्यासारखं अस्तर घातलं तर वसाहतीचं वापरायचं पाणी तिथे राहू शकतं.

सांडपाण्याकडे तर कुणी बघतच नाही. जांभ्यात शोषखड्डा मस्त चालतो, कधी तुंबत नाही, कारण ते पाणी त्याच वाटेने पायथ्याच्या बावीकडे निघालेलं असतं. म्हणून एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, हवाच, पण एसटीपीत काम करतात ते जीवाणू, त्यांना रोजचं खाणं लागतं. दहा महिने फ्लॅटना कुलूप आणि गणपतीत एकदम प्रत्येक घरात दहा माणसं, की उपाशी राहून कमी झालेले जीवाणू एवढा भार पेलू शकत नाहीत आणि पाणी अर्धवट शुद्ध होऊन पऱ्ह्यात जातं. एक मोठा प्लांट ठेवण्यापेक्षा छोटे छोटे भाग करून लागेल तसे चालू ठेवणं बरं.

म्हणजे बघा, रोजगाराचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नातच येऊन मिळतो. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. माणसं कमी होतायत तिथे नुसती घरं बांधली तर ती कुलपातच राहणार. आधी काम, आणि कामही वर्षभराचं. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, आंबा मार्च ते मे. कॅनिंगची फॅक्टरी चांगलीच, पण तिला धुवायला पाणी लागतं ते नेमकं एप्रिल-मेमध्येच, ते घरांच्या हिशोबात मिळवूनच परवानगी द्यायला हवी. काजूचं तसं नाही, बी वाळवून ठेवली की पावसाळाभर फोडता येते, पाणी फार लागत नाही आणि टरफलांचं तेल निघतं, उरलेलं जाळायला होतं. मी तर काजूपासूनच सुरुवात करीन, बायकांना घराजवळ काम मिळतं हे आणखी महत्त्वाचं.

आणि खालचं शहर? १० हेक्टर कातळावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते १ कोटी लिटर पाणी होतं. काँक्रीट झालं की त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास लगेच खाली सुटतं. त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असलं तर भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही, आणि ते बाजारपेठेत पसरतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं होतं, तिथल्या कुठल्याही माणसाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या भरतीचं पाणी येणाऱ्या सखल जमिनी, भरून रस्ते काढू नयेत, आणि सड्यावरच्या खळग्यांत पावसाळ्यात जी तळी साचतात ती नकाशावर पहिली आखून बाजूला ठेवावीत. ती बघायला जुलैतच जावं लागतं, मेमधल्या ड्रोनच्या फोटोत तिथे नुसता काळा दगड दिसतो.