उन्हाळी भाजीचा हिशेब मे महिन्याकडून मागे

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. सोलापूर, धाराशिव, बीड, जालना या कोरड्या पट्ट्यात नेमकी याच सुमारास उन्हाळी भाजीची घाई सुरू होते. ज्वारी काढून रान मोकळं झालेलं असतं, विहिरीत पाणी दिसत असतं. मे महिन्यात लग्नसराई आहे, भाजीला दोन पैसे मिळतील, या आशेने आपण एकरभर भेंडी टोकून मोकळे होतो. आम्हीही एका वर्षी तेच केलं होतं. होळीपर्यंत रान बघत राहावं असं दिसत होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मोटार अर्ध्या तासात हवा ओढू लागली आणि भेंडीखाली सकाळी गळालेल्या फुलांचा सडा दिसू लागला. खत, बी, औषध यांत काही चुकलं नव्हतं. चुकला होता तो हिशेब. आम्ही फेब्रुवारीतलं पाणी पाहून मे महिन्यातलं पीक लावलं होतं.

तेव्हापासून मी उन्हाळी भाजीचा हिशेब मे महिन्यापासून सुरू करतो आणि मागे मागे येत पेरणीची तारीख नि क्षेत्र ठरवतो. तसं का करायचं, हे समजायला हवा आणि फूल या दोघांकडे जरा जवळून पाहावं लागतं.

आधी हवा. २० अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते. ३० अंशांना हा आकडा ३० ग्रॅमपर्यंत जातो आणि ४० अंशांना ५१ ग्रॅमपर्यंत. आता जानेवारीतली सकाळ घ्या. तापमान २० अंश, आर्द्रता ६० टक्के. म्हणजे हवेत साधारण १० ग्रॅम बाष्प आहे आणि आणखी ७ ग्रॅमची जागा आहे. मेमधली दुपार घ्या. तापमान ४० अंश, आर्द्रता २० टक्के. बाष्प तेवढंच, १० ग्रॅम. पण रिकामी जागा ४१ ग्रॅमची. हवेतलं पाणी बदललं नाही, हवेची तहान सहापट झाली. ही तहान ती भागवते मातीतून आणि पानांतून. पानाच्या खालच्या बाजूला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. झाड त्यांतूनच कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि त्यांतूनच पाणी बाहेर जातं. मुळं पुरवठा करू शकली नाहीत की झाड ही दारं लावून घेतं. पाणी वाचतं, पण त्याच वेळी अन्न तयार करणं थांबतं आणि घाम थांबल्यामुळे पान तापू लागतं. दुपारी दुधीची पानं छत्री मिटल्यासारखी लोंबतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात, ते याच ओढाताणीतून. संध्याकाळी ती उभी राहिली तर काळजी नाही. सकाळीही मान टाकलेली दिसली, तर मुळाशी पाणी कमी पडतंय किंवा मुळालाच काही झालंय.

ही तहान मोजता येते. आपल्या कोरड्या भागात एप्रिल-मेमध्ये भरगच्च वाढलेल्या भाजीच्या रानातून दिवसाला ७ मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास १०० लिटर. म्हणजे गुंठ्याला रोज ७०० लिटर, एकराला २८ हजार लिटर. हा झाला खर्च. जमा किती, ते विहीर सांगते, फक्त तिला नीट विचारलं पाहिजे.

विचारायची पद्धत सोपी आहे. संध्याकाळी मोटार बंद करायची. दोरीला दगड बांधून सोडायचा, दगड पाण्याला टेकला की काठाशी दोरीला गाठ मारायची. पहाटे मोटार चालू करण्याआधी पुन्हा दगड सोडायचा आणि दुसरी गाठ मारायची. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे रात्रभरात वर आलेलं पाणी. विहीर गोल आणि ६ मीटर व्यासाची असेल, तर तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मीटर होतं. रात्रीतून पाणी ६० सेंटिमीटर चढलं तर १७ हजार लिटर आलं. दिवसाही तेवढंच येतं असं धरलं तर ३४ हजार. हे झालं फेब्रुवारीचं. मेमध्ये आपली विहीर किती देते, हे प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला ठाऊक असतं, त्या माणसाला विचारावं. समजा निम्म्यावर येते, तर हातात राहिले १७ हजार. त्यातून घरचं आणि चार जनावरांचं मिळून हजारभर लिटर बाजूला काढा. उरले १६ हजार. ठिबक असेल आणि थोडी नासाडी धरली, तर एवढ्या पाण्यावर २० गुंठे भाजी मेअखेरपर्यंत जगते. पाटाने दिलं तर निम्मंअधिक पाणी वाटेतच जिरतं, मग १० गुंठ्यांच्या पलीकडे जाऊ नये. जमीन पाच एकर असली तरी उन्हाळ्यात आपलं शेत २० गुंठ्यांचंच आहे, हे मनाला पटवायला जड जातं. पण २० गुंठ्यांवरची तजेलदार गवार एकरभर वाळलेल्या गवारीपेक्षा जास्त पैसे देते, हे मी पाहिलेलं आहे.

आता फूल. उन्हात पान करपतं ते दिसतं, पण खरं नुकसान त्याच्या कितीतरी आधी, कळीच्या आत होऊन गेलेलं असतं. टोमॅटोचं उदाहरण फार बोलकं आहे. परागकण तयार होतात ते फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कळी अगदी बारीक असताना. त्या दिवसांत दुपार ३५ अंशांच्या वर आणि रात्र २१-२२ अंशांच्या वर राहिली, तर परागकण पोचट निघतात. फूल वेळेवर उमलतं, पिवळंधमक दिसतं, पण त्यात दम नसतो. चार दिवसांनी ते देठापासून सुटून पडतं. आपण म्हणतो, कालच्या उन्हाने फूलगळ झाली. खरं तर ती दहा दिवसांपूर्वीच ठरलेली असते.

उष्ण दिवसांतलं एखादं टोमॅटोचं फूल तोडून डोळ्यांजवळ धरा. पाकळ्यांच्या मध्ये पिवळी निमुळती नळी दिसेल. परागकोश एकमेकांना चिकटून ती बनलेली असते. स्त्रीकेसर या नळीच्या आत दडलेला असला पाहिजे, म्हणजे वाऱ्याने फूल हललं की पराग आपोआप त्याच्या टोकावर पडतात. कडक उन्हाळ्यात स्त्रीकेसर लांबतो आणि नळीच्या तोंडातून एक हिरवट ठिपका बाहेर डोकावू लागतो. असा ठिपका दिसला की समजावं, या फुलाचे पराग त्याच्या स्वतःच्याच टोकावर पडणं आता अवघड आहे. भिंगही लागत नाही. जे फळ धरतं त्याचा रंगही उन्हात बिघडतो. लायकोपीन हे लाल द्रव्य तिशीच्या वर तापमान गेलं की नीट तयार होत नाही, म्हणून मेमधला टोमॅटो पिवळट-नारंगी राहतो. त्यामुळे या पट्ट्यात उघड्या रानावर टोमॅटो लावायचाच असेल, तर रोप जानेवारीतच जमिनीत गेलं पाहिजे, म्हणजे मुख्य फळधारणा मार्चच्या मध्यापर्यंत होऊन जाते. होळीनंतर लावलेल्या टोमॅटोच्या मागे मी कुणाला पैसे घालू देणार नाही.

भेंडी जास्त सोशिक, पण तिलाही मर्यादा आहे. पारा ४२ अंशांच्या पलीकडे गेला की तिचीही फुलं सुकून गळतात. तिची दुसरी अडचण उलट्या टोकाला आहे. थंड मातीत तिचं बी उगवत नाही, कुजतं. म्हणून पेरणीची खिडकी अरुंद आहे. रात्रीचा गारठा मोडल्यावर, म्हणजे साधारण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. बी रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी सावलीत सुकवून टोकलं तर आठवड्यात उगवून येतं. १ फेब्रुवारीला टोकलेली भेंडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला तोडा देते आणि एप्रिलभर दिवसाआड चालते. मेचा तडाखा बसेपर्यंत तिचं बहुतेक काम झालेलं असतं. खरिपापेक्षा उन्हाळ्यात दोन रोपांतलं अंतर कमी ठेवावं, म्हणजे पानांनी जमीन लवकर झाकली जाते. या दिवसांत पांढरी माशी वाढते आणि तिच्याबरोबर पानांच्या शिरा पिवळ्या करणारा केवडा रोग येतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडी या रोगाला तोंड देण्यासाठीच जंगली भेंडीशी संकर करून घडवलेली होती. आज बाजारात संकरित वाण भरपूर आहेत. पण बियाणं घेताना पाकिटावरच्या चित्राआधी केवड्याला ते किती दाद देतं, हे विचारावं.

वेलवर्गातली गोष्ट आणखी निराळी. काकडी, दोडका, कारलं, दुधी यांत नर आणि मादी फुलं वेगळी असतात, आणि कुठली जास्त लागायची हे दिवसाची लांबी नि उष्णता मिळून ठरवतात. दिवस लहान, हवा सौम्य असली की मादी फुलं वाढतात. दिवस मोठा आणि ऊन कडक झालं की नर फुलांचीच गर्दी होते. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, हे दोडक्याच्या वेलालाही कळतं. उशिरा लावलेला वेल मांडव भरून फुलतो आणि फळ मात्र शोधावं लागतं. म्हणून जानेवारीच्या मध्यावर ट्रेमध्ये किंवा छोट्या पिशव्यांत, उबेला, रोपं करावीत. दोन-तीन पानांवर आली की फेब्रुवारीच्या सुरुवातीला रानात लावावीत. रोप जास्त दिवस पिशवीत ठेवू नये, वेलाच्या मुळांना हलवलेलं सोसत नाही.

मादी फूल लागलं तरी मधमाशी आली पाहिजे. काकडी, कलिंगड, कारलं यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी. दुधीची पांढरी फुलं तिन्हीसांजेला उघडतात आणि त्यांच्यावर पतंग येतात. त्यामुळे ‘फवारणी संध्याकाळी करा’ हा सल्ला काकडीला लागू, दोडक्याला नाही. आपल्या मांडवावर कुठलं फूल कधी उघडतं हे पाहून मगच पंप पाठीवर घ्यावा.

मग भर उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलमध्ये पेरायला काही उरतं का? उरतं, आणि तो भाग मला फार आवडतो. गवार आणि चवळी उन्हाला सहज डरत नाहीत, दोन्ही शेंगवर्गातल्या असल्याने जमिनीला नत्रही देतात, आणि गवारीचं सोटमूळ खोल जातं. पण त्यांच्याहून पुढे आहेत माठ, तांदुळजा आणि राजगिरा. बहुतेक भाज्यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर (एन्झाइम) उष्णतेत गोंधळतं आणि त्याच्याऐवजी ऑक्सिजन पकडून बसतं, त्यामुळे मेहनत वाया जाते. माठाच्या कुळात झाड आधी कार्बन डायऑक्साइड एका कप्प्यात गोळा करतं आणि मग दाटीवाटीने त्या विकरापुढे ठेवतं, म्हणजे गोंधळाला वावच राहत नाही. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांचीही हीच तऱ्हा. या युक्तीला शास्त्रात सी-४ म्हणतात. पर्णरंध्रं थोडी मिटलेली असली तरी तिचं काम चालतं, म्हणून तेवढ्याच पाण्यात जास्त पाला मिळतो. आणि आपण तण म्हणून उपटून टाकतो ती घोळ? ती याहून हुशार. एरवी ती माठासारखीच वागते, पण पाणी तुटलं की रात्री पर्णरंध्रं उघडून हवा घेते आणि दिवसा दारं लावून तीच वापरते. निवडुंगाची ही रीत आहे. जी घोळ आजी बांधावरून आणून डाळ घालून करायची, तिच्या पानात हे दोन्ही चालतं. मेमध्ये एखादा वाफा तिला दिला तर पाणी नावालाच लागतं.

पिकाला आसरा देण्याच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पेरणीबरोबरच कराव्या लागतात. पश्चिमेच्या बाजूने मक्याच्या किंवा शेवरीच्या दोन-तीन दाट ओळी भाजीच्या तीन आठवडे आधी पेराव्यात, दुपारचा झोंबरा वारा त्या अडवतात. उघडी काळी जमीन दुपारी ५० अंशांच्या वर तापते आणि भेगाळते, भेगांतून खालची ओल उडते. उसाचं पाचट, गव्हाचं काड, काही नसेल तर वाळलेलं गवत, जे मिळेल त्याचा चार बोटं थर सरीवर घालावा. कोथिंबीर मेसाठी हवी असेल तर ती ५० टक्क्यांच्या शेडनेटखालीच करावी. धने रगडून दोन फाकी कराव्यात आणि भिजवून पेरावेत. आणि ठिबक दुपारी कधी चालू करू नये. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघा, चटका बसतो. ते पाणी आपण रोपाच्या बुडाशी सोडत असतो. पाणी पहाटे द्यावं. वीज रात्रपाळीची असेल तर तिचा हा एक फायदा मानून उरकावं.

एवढं सगळं मांडताना विहिरीच्या पाण्यातून एका गुंठ्याचं पाणी, दिवसाचे ७०० लिटर, कुठल्याच भाजीला न देता राखून ठेवावं. अक्षय तृतीयेच्या सुमारास त्या गुंठ्यात, शेडनेटखाली गादीवाफ्यावर मिरची आणि वांग्याचं बी टाकायचं. ३५-४० दिवसांत, मृगाचा पाऊस पडून रानाला वाफसा येतो तोवर, रोप लावणीला तयार असतं.