दार न उघडणाऱ्या घरांचं उत्पन्न कसं कळतं?

सर्व्हे म्हटलं की सगळे विचारतात, "किती जणांना विचारलं?" उत्तर न देणारे कोण होते हे कुणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. टीव्हीवर "लाखो प्रेक्षकांचा कौल" दाखवतात ना, त्यावर म्हणूनच माझा काडीचा विश्वास नाही.

मार्च 2020. अमेरिकेच्या जनगणना खात्याचा उत्पन्नाचा वार्षिक सर्व्हे चालू असतानाच कोरोना आला. घरी जाणं बंद, फक्त फोन. पण ज्या घरांची पहिलीच मुलाखत होती त्यांच्यापैकी अनेकांचे नंबरच नव्हते. प्रतिसाद 73 टक्क्यांवर घसरला, आधीपेक्षा साधारण 10 टक्के-अंकांनी कमी. आणि आकडा आला तो असा: 2019 चं मध्यक कुटुंब-उत्पन्न (म्हणजे निम्मी घरं ज्याच्या वर, निम्मी खाली) 68,703 डॉलर, महागाई वजा करूनही वर्षात 6.8 टक्के वाढ! खात्याच्याच संशोधकांना शंका आली.

आता गंमत बघा. समजा 100 घरं निवडली, 50 सुखवस्तू, 50 गरीब. सुखवस्तूंतली 40 बोलली, गरिबांतली 25च. या 65 घरांची सरळ सरासरी काढली तर सुखवस्तू जवळजवळ 62 टक्के दिसतात. उपाय म्हणजे वजन द्यायचं, बोललेलं प्रत्येक गरीब घर 2 घरांएवढं मोजायचं (50 भागिले 25) आणि सुखवस्तू घर सव्वा घराएवढं. पण जे घर बोललंच नाही ते गरीब होतं हे कळणार कसं? नेहमीची वजनं वय, लिंग, वंश बघतात, उत्पन्न नाही.

इथे सरकारी नोंदी कामाला येतात. निवडलेल्या प्रत्येक घराचा पत्ता तर माहीत असतोच, मग त्या पत्त्याला करखात्याकडचे पगाराचे फॉर्म, कर-विवरणं जोडायची, नावं काढून सांकेतिक क्रमांक लावून, म्हणजे गप्प राहिलेल्या घराचंही बरंचसं उत्पन्न कळतं. मग बोललेल्यांची वजनं अशी हलवायची की त्यांच्या नोंदींतल्या सरासऱ्या सगळ्या निवडलेल्या घरांशी जुळतील, पण मूळ वजनांपासून शक्य तितकं कमी सरकायचं. याला एंट्रॉपी बॅलन्सिंग म्हणतात. मला हे फार सुंदर वाटतं, कारण कुणाचंही उत्तर न बदलता चित्र सुधारतं!

तसं केल्यावर कळलं की जाहीर केलेला मध्यक सुमारे 2.8 टक्क्यांनी फुगलेला होता.

अर्थात रोखीत मजुरी घेणारा करनोंदीत दिसत नाही, आणि आपल्याकडे तर अशीच माणसं जास्त, त्यामुळे ही युक्ती इथे जशीच्या तशी चालणार नाही. रेशनकार्ड, रोजगार हमीचे हजेरीपट अशा नोंदी जोडून बघाव्या लागतील.