‘आपलं त्यातल्या त्यात बरं आहे’ ही कृतज्ञता नव्हे

सकाळी सातला फॅमिली ग्रुपवर गुलाबाच्या चित्राखाली येणारा मजकूर आता तोंडपाठ झालाय. डोक्यावर छप्पर आहे, दोन वेळचं पोटात जातंय, म्हणजे तुम्ही कित्येकांहून नशीबवान, तेव्हा कृतज्ञ राहा! खाली जोडलेल्या हातांची रांग. या सगळ्यात कृतज्ञता औषधालाही नाही. आहे ती निव्वळ तुलना.

तुलना कुणाला समजावून सांगायला नको. ‘ताटात टाकू नकोस, लोकांना एवढंही मिळत नाही’ ऐकतच आपण मोठे झालो. वाईट वेळ निभावून न्यायला ती कामी येते, माझी त्याला हरकत नाही. गल्लत होते ती दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे.

हॉस्पिटलचा जनरल वॉर्ड घ्या. पाय मोडून पडलेल्या बाईंना भेटायला आलेले काका मोसंब्यांची पिशवी स्टुलावर ठेवतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, “शेजारच्या कॉटवर पाहिलंत ना? दोन्ही पाय गेले हो. आपलं एकावर निभावलं.” बाई मान डोलावतात. त्याच बाईंना नंतर आठवतं, की रात्रपाळीच्या मावशी पहाटे बेडपॅन द्यायला आल्या तेव्हा प्लास्टरखालची सरकलेली उशी त्यांनी न सांगता नीट करून दिली. ही दुसरी आठवण म्हणजे कृतज्ञता.

फरक इथेच आहे. काकांच्या दिलाशाला कुणाचं तरी दुःख लागतं. बाईंच्या आठवणीला कुणी तरी घेतलेले कष्ट. आता शेजारच्या कॉटवर नुसता अंगठा दुखावलेला पेशंट आणून झोपवा. काकांचा दिलासा तिथल्या तिथे उलटतो, बाईंना वाटू लागतं, माझ्याच नशिबी का हे? मावशींनी सरळ केलेली उशी मात्र तशीच राहते. शेजारी कोण आहे यावर तिचं काही ठरत नाही. म्हणून शंका आली की वाक्यातला तो ‘आपल्याहून वाईट’ माणूस काढून टाकावा. मागे काही उरलं, तर ती कृतज्ञता.

हा काही माझा एकट्याचा हट्ट नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचे 2003 साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या विषयात सगळीकडे सांगितले जातात, पण त्यातला एक तपशील हमखास गळतो. एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते आणि त्यांनी साधारण दोन आठवडे रोज नोंदी केल्या. एका गटाने ज्याबद्दल कृतज्ञ वाटलं ते लिहिलं, दुसऱ्याने दिवसभराच्या कटकटी आणि तिसऱ्याने आपण इतरांपेक्षा कशात बरे आहोत ते. कृतज्ञतेचा गट कटकटीवाल्यांपेक्षा जास्त आनंदी असणार, हे अपेक्षितच होतं. पण कुणाच्या अडचणीत मदत केली, कुणाला धीर दिला, असं सांगण्यात तो तुलना करणाऱ्यांच्याही पुढे होता. मला यात नवल वाटत नाही. दुसऱ्याने आपल्यासाठी काय केलं हे रोज पाहणाऱ्याला आपणही काय करू शकतो ते दिसायला लागतं.

आपल्याकडे हे शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जू वाहून दुखावलेला बैलाचा नेमका तोच खांदा हळद-तूप लावून चोळतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून त्याला जेवणाचं बोलावणं करतात. ‘शेजाऱ्याचा बैल लंगडा, आपला बरा’ असं त्या वेळी कुणी म्हणत नाही.

आणखी एक वैताग. पगारवाढ मागितली की ‘बाहेर किती लोक बेकार आहेत, कृतज्ञ राहा’ असं ऐकवणारे साहेब. ही तुलनाच, तीही समोरच्याचं तोंड बंद करायला वापरलेली.

बाकी कृतज्ञतेच्या नोंदी वहीत की मोबाईलवर, सकाळी की झोपताना, याला फार महत्त्व नाही. मात्र रोज लिहिलंच पाहिजे असं नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. लिहायचं तर ‘कुटुंबाबद्दल आभार’ असलं मोघम नको. कुणी, कधी, काय केलं, ते लिहा. आणि हा नैराश्यावरचा उपचारही नव्हे. त्यासाठी डॉक्टर आहेत.

सगळ्यात जास्त परिणाम हवा असेल तर ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहा आणि समोर बसून वाचून दाखवा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे तपासलं, तेव्हा आनंदात लगेच मोठी वाढ दिसली, ती महिनाभर टिकली आणि तीन महिन्यांनी ओसरली होती. तेव्हा एका पत्रावर वर्ष काढायचा विचार असेल तर तो सोडा. पुढचं पत्र कुणाला, त्याची यादी आधीच करून ठेवा.