बिअर, घरगुती

बिअर, घरगुती : मोड आणलेल्या धान्याचा, मुख्यतः सातूचा (जवाचा), गोड अर्क हॉप वेलीच्या फुलांसह उकळून व यीस्टने आंबवून घरी तयार केलेले मद्य. यात ऊर्ध्वपातन होत नाही. त्यामुळे हातभट्टीची दारू या व्याख्येत बसत नाही, जरी बोलण्यात दोन्ही 'घरची' म्हणून एकत्र येतात.

नवशिक्यांसाठी मिळणाऱ्या किटमध्ये साधारण १.५ ते १.७ किग्रॅ. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) हॉपयुक्त अर्काचा डबा व यीस्टची पुडी असते. अर्क गरम पाण्यात विरघळवतात, त्यात सुमारे १ किग्रॅ. साखर घालून एकूण २३ लिटर करतात आणि थंड झाल्यावर यीस्ट टाकतात. झाकणावरच्या पाणकुलपातून एक-दोन दिवसांत बुडबुडे निघू लागतात. ते थांबले म्हणजे काम झाले असे नव्हे. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस तोच राहिला पाहिजे. आरंभीची घनता १.०४० व अखेरची १.०१० असेल, तर फरकाला १३१ ने गुणून मद्यार्क ४ टक्क्यांच्या आसपास येतो. आंबणे अर्धवट असताना बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. बहुतेक एल (कोमट तापमानात आंबणारी बिअर) यीस्टला १८ ते २२° से. मानवते. कोल्हापुरात हे तापमान घरात सहजी मिळते ते हिवाळ्यातच; उन्हाळ्यात पारा पस्तिशीपलीकडे जातो आणि त्या उष्णतेत यीस्ट उग्र वासाची अल्कोहोले तयार करते.

किटमध्ये जो टप्पा कारखान्यातच उरकलेला असतो, तो म्हणजे धान्याला मोड आणणे. गंमत अशी, की नेमके तेवढेच काम कोल्हापूरच्या स्वयंपाकघरांना नवे नाही. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात घट्ट बांधून मोड आणतात, सावलीत वाळवून मंद आचेवर परततात व दळून सत्त्व करतात. या पिठाची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ राहते, कारण मोड येताना तयार झालेले अमायलेज विकर पिष्टाचे तुकडे करते. बिअरसाठी हेच विकर कामाला लावतात : भरडलेले माल्ट सुमारे ६५ ते ६७° से. पाण्यात तासभर ठेवतात, पिष्टाची माल्टोज शर्करा होते आणि पाणी चिकट गोड लागते. परतताना आच मोठी झाली तर विकर मरते.

प्राचीन सुरा ही बिअर होती काय, हा प्रश्न याच टप्प्यावर अडतो. सौत्रामणी या वैदिक यागातील सुरेसाठी शष्प, तोक्म व नग्नहू ही द्रव्ये सांगितली आहेत. पहिली दोन म्हणजे मोड आलेले धान्य, साळ आणि जव, असा अर्थ भाष्यकार देतात. कोणते नाव कोणत्या धान्याचे याविषयी एकमत नाही. नग्नहू हे आंबवणारे द्रव्य. हा अर्थ धरला तर सुरेत माल्ट होते. कौटिलीय अर्थशास्त्रातील चित्र मात्र निराळे दिसते. तेथे मेदक या तांदळाच्या मद्यासाठी १ द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व ३ प्रस्थ किण्व (आंबवणारे विरजण) असे प्रमाण आहे. द्रोणाचे ४ आढक किंवा १६ प्रस्थ (ही जुनी मापे) धरता तांदूळ २ प्रस्थ भरतात, म्हणजे किण्व धान्याच्या दीडपट. आणि ते किण्वही उडदाचा कल्क, तांदूळ व मोरटादी वनस्पतींचे. मोडांचा उल्लेख नाही. पिष्टाचे शर्करेत रूपांतर येथे बुरशीयुक्त किण्वाने होत असावे आणि असे मद्य बिअरपेक्षा हिमालयातील छांग या धान्यमद्याला जवळचे ठरते. तेव्हा 'सुरा म्हणजे बिअर' हे सरसकट समीकरण न मांडता यागातील सुरा व मेदक यांचा वेगळा विचार करणे अधिक सयुक्तिक वाटते. हॉप यांपैकी कशातच नाही. अर्थशास्त्र परंपरेने इ. स. पू. चौथ्या शतकातले मानतात. अलीकडचे बरेच अभ्यासक ते इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास आणतात.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर (पंचगंगाकाठ) मिळालेल्या रोमन बनावटीच्या कांस्यवस्तूंत मद्याचा चंबू आहे. तो द्राक्षमद्याच्या चालीचा, धान्यमद्याचा पुरावा म्हणून तो पुढे करता येत नाही.

त्याच अर्थशास्त्रात कुटुंबवत्सल गृहस्थांना शुभकार्यासाठी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट (आंबवलेले औषधी मद्य) करण्याची मुभा आहे. उत्सव, समाज (मेळावे), यात्रा यांसाठी चार दिवसांची परवानगी सांगितली आहे. आजचा कायदा तसा नाही. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी अधिनियम (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) परवान्याविना मद्य तयार करण्यास मनाई करतो आणि त्या हेतूने साहित्य किंवा भांडी बाळगणेही त्याच्या कक्षेत येते. घरच्या वापराला वेगळी सूट नाही. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठीची परवान्याची अट १९६३ साली गेली. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यातील अडसर १९७८ साली दूर झाला. किटचा प्रसार मुख्यतः त्यानंतरचा आहे.

किटमधील साखरेऐवजी गूळ वापरावा अशी सूचना कोल्हापूरकराकडून हमखास येते. २०१४ साली भौगोलिक निर्देशन मिळालेल्या या गुळातील साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते. मद्यार्क वाढतो, पण माल्टमुळे येणारा दाटपणा येत नाही, आणि गुळाची गोडी जाऊन खनिजांची किंचित खारट चव तेवढी मागे राहते. गुऱ्हाळात रस निवळण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस काहिलीत घालतात आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढतात. बिअर उकळताना निवळण्यासाठी आयरिश मॉस हे समुद्रशेवाळ टाकतात; ते प्रथिनांना एकत्र आणून तळाशी बसवते.