पार्श्वभूमी : देव दयाळू, मग दुःख का? 'प्रारब्ध' या शब्दाचा प्रवास

लहान मूल दगावलेल्या घरी सांत्वनाला आलेली माणसं दारात चपला काढतानाच हळू आवाजात म्हणतात, "प्रारब्धाचे भोग, दुसरं काय!" देव दयाळू आहे आणि तरीही हे घडलं, या कोड्यावर मराठीत सगळ्यांत आधी तोंडी येणारं उत्तर हेच. मुळात हा शब्द या कोड्यासाठी घडलेला नव्हता.

कोडं वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रांत (२.१.३४), थेट मांडलं आहे. जग देवाने केलं, तर त्याच्यावर वैषम्य म्हणजे पक्षपात आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा, असे दोन आरोप येतात. उत्तर असं, की देव 'सापेक्ष' आहे, जीवांच्या कर्माकडे पाहून सृष्टी करतो. शंकराचार्यांनी त्यावर लिहिलेल्या भाष्यात पावसाचा दाखला आहे : पाऊस भाताला आणि जवाला सारखाच, उगवतं ते बियाण्याप्रमाणे. मग पहिलं बी कुठलं? तर संसार अनादी, पहिलं असं काही नाहीच. देव आरोपातून सुटला, पण दोष दुःख भोगणाऱ्याच्याच पदरी आला.

प्रारब्धाची चर्चा येते ती पार चौथ्या अध्यायात, आणि तिथे प्रश्नच वेगळा आहे. ज्ञान झालं, संचित म्हणजे साठलेलं कर्म जळलं, तरी ज्ञान्याचं शरीर लगेच का पडत नाही? सूत्रातला शब्द उलट बाजूने येतो, 'अनारब्ध' : ज्ञानाने नष्ट होतं ते अजून फळायला न लागलेलं कर्म. फळायला लागलेलं, म्हणजे प्रारब्ध, मात्र भोगूनच सरतं. कुंभाराने हात काढला तरी चाक काही वेळ फिरतं, तसं. म्हणजे हा मुक्त माणसाने स्वतःच्या उरलेल्या दिवसांचा लावलेला हिशेब. पुढे पुराण-कीर्तनांतून संचित, प्रारब्ध, क्रियमाण (आत्ता घडत असलेलं कर्म) ही त्रयी घरोघर पोचली आणि शब्द स्वतःवरून शेजाऱ्यावर सरकला. माझ्या मते खरा घोळ इथे झाला.

१६३०च्या दुष्काळात देहूच्या एका वाण्याची, तुकारामाची, बायको अन्न अन्न करत गेली. 'बरें जालें देवा' असं त्याने म्हटलं, पण स्वतःच्या दिवाळ्याबद्दल. त्या अभंगात दुसऱ्याच्या भुकेला त्याने बरं म्हटलेलं नाही.

१५ जानेवारी १९३४ला बिहार हादरला. अस्पृश्यतेविरुद्ध दौऱ्यावर असलेल्या देशाच्या सर्वांत मोठ्या नेत्याने, महात्मा गांधींनी, भूकंपाला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. ज्यांना गांधी गुरुदेव म्हणत, त्या कवीने, रवींद्रनाथ टागोरांनी, जाहीर विरोध केला : भौतिक घटनांची कारणं भौतिकच असतात. नेत्याचा हेतू थोर होता, हे मान्य. पण ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत अस्पृश्यही होते, आणि ही शिक्षा त्यांना कशाची, याचं उत्तर मिळालं नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लातूर-उस्मानाबादची गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंपाने सुमारे ८,००० माणसं स्वतःच्याच घरांखाली गेली. पडलेल्या घरांची पाहणी झाली तेव्हा दिसलं, की जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेलेच नव्हते, आणि गळती थांबावी म्हणून माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, वर्षानुवर्षं मातीचे थर चढत गेले होते.