धुण्याचा दर आणि २५ डॉलरचा परवाना

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या परस्पर मदतीबद्दल बोलताना बहुतेक जण पदर पसरण्याची, दानधर्माची भाषा वापरतात. अटलांटातला १८८१ चा उन्हाळा या भाषेत बसत नाही. त्या उन्हाळ्यात तिथल्या धुणं करणाऱ्या बायकांनी दरासाठी संप केला.

गुलामगिरी संपली तरी घरकामाखेरीज दुसरी कामं या बायकांना जवळजवळ मिळत नव्हती. त्यातही धुण्याला त्या पसंती देत, कारण ते स्वतःच्या अंगणात करता येई. सोमवारी गठ्ठे आणायचे, विहिरीवरून पाणी ओढायचं, कपडे उकळायचे, घासायचे, कोंड्याच्या खळीत घालायचे, जड इस्त्री तापवून फिरवायची आणि शनिवारी पोचते करायचे. साबण घरीच केलेला, टब म्हणजे बिअरचं पिंप अर्धं कापून. पाऊस लागला की सगळा आठवडा कोलमडे. महिन्याची कमाई ४ ते ८ डॉलर, तीही अनेकदा थकलेली. पण पाण्याच्या जागी चार जणी जमत आणि तिथे मालकिणीचा कान नसे. एकीची पोरं दुसरी बघे. कोण पैसे बुडवतं, हेही तिथेच कळे.

जुलैमध्ये सुमारे २० जणी एका चर्चमध्ये जमल्या आणि त्यांनी ‘वॉशिंग सोसायटी’ हे मंडळ काढलं. मागणी एकच: १२ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो कपड्यांना १ डॉलर, सगळीकडे सारखा दर. एकीनेही कमी घेतलं तर दर पडणार, म्हणून दारोदार फिरणं आलं. तीन आठवड्यांत सभासदांची संख्या ३,००० वर गेली. फिरण्यात भांडणंही झाली, अटका झाल्या. एकीने २० डॉलर दंड भरायला नकार दिला. तिला ४० दिवस साखळदंड घातलेल्या कैद्यांच्या टोळीत कामाला जुंपण्याची शिक्षा झाली.

वाद आहे तो परवान्याचा. मंडळातल्या प्रत्येकीकडून परवान्यापोटी वर्षाला २५ डॉलर घ्यावेत, असा प्रस्ताव नगरपालिकेत आला. म्हणजे तीन ते सहा महिन्यांची कमाई. संप मोडून काढण्याचाच हा डाव होता. बायकांनी महापौरांना उलट कळवलं: भरू, पण मग शहराचं धुणं आमच्या ताब्यात आणि दर आमचे. काहींच्या मते ही नुसती हूल होती. हिशेब बघता एकट्या बाईला ते अशक्यच. पण शहराचं धुणं मंडळाच्या ताब्यात आलं, की परवाना भरलेल्या बाईचा दर पाडायला बिनपरवान्याची बाई बाजारात येणार कुठून? पालिकेला आपलं हत्यार उलटल्याचं उमगलं असावं. प्रस्ताव फेटाळला गेला. दर किती वाढले याची खात्रीशीर नोंद नाही, म्हणून संपाला ‘फसला’ म्हणणारेही आहेत. तो निष्कर्ष घाईचा आहे.

घोळ शब्दाचाही आहे. आजारपणाची, अंत्यविधीची वर्गणी जमवणारी ती ‘सोसायटी’ आणि संप करणारीही ‘सोसायटी’च. वर्गणीचं हे वळण जुनं: फिलाडेल्फियात १८२१ मध्ये कष्टकरी कृष्णवर्णीय बायकांचं असं मंडळ होतं. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये १८६६ ला आणि टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनमध्ये १८७७ ला धुणं करणाऱ्यांनी संपही केले होते.

पुढे १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून आणि १९३८ च्या किमान वेतन कायद्यातून घरकामगार वगळल्या गेल्या. १९६८ मध्ये अटलांटातच त्यांची नवी संघटना उभी राहिली. सभासदत्वाची अट होती मतदार यादीत नाव असण्याची. किमान वेतन मिळालं १९७४ मध्ये, पण वृद्ध-आजाऱ्यांची सोबत करणाऱ्यांना तेव्हाही वगळलंच.