बँडच्या क्लॅरिनेटपासून राग-जॅझपर्यंत: पोस्टरवर नाव कोणाचं?

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं हल्ली तबला, बासरी, सॅक्सोफोन, कीबोर्ड असं एकत्र घेऊन ग्रुप करतायत, अर्धा वेळ राग, अर्धा वेळ जॅझ, आणि यांना कोणी विचारलं की हे कुठून आलं तर उत्तर ठरलेलं, 'शक्ती' या राग आणि जॅझ एकत्र वाजवणाऱ्या ग्रुपपासून. ते अर्धंच खरं आहे म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे सॅक्सोफोन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट पहिल्यांदा लोकांच्या कानावर पडलं ते लग्नाच्या वरातीत. खान्देशातला बँड ही साधी गोष्ट नाही, सीझनच्या तारखा आधीपासून बुक असतात, आणि त्याच बँडवर सिनेमाची गाणी, अहिराणी गाणी, आदिवासी पट्ट्यातल्या पावरी या फुंकवाद्याच्या चाली सगळं वाजतं. यातल्या कित्येकांना नोटेशन येत नाही, कानावर सगळं. आणि गंमत बघा, गाणारे बहुतेक पेटीच्या काळ्या पट्ट्यांपैकी एखादीला 'सा' धरून, म्हणजे काळी एक, काळी चार नाहीतर काळी पाचमध्ये गातात, तर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटचा स्वतःचा 'सा' म्हणजेच काळी पाच, त्यामुळे ब्रासवाल्याला या पट्ट्या हाताला सोप्या जातात. गिटारवाल्याला तिथं कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावावा लागतो. म्हणजे गायक आणि ब्रास यांचं जमायला हवं ते आधीपासूनच जमत होतं.

दुसरा धागा नाट्यसंगीताचा. बालगंधर्व लहानपणी जळगावात शिकायला होते आणि इथंच मेहबूबखाँकडे त्यांची गाण्याची सुरुवात झाली. पुढे 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिथं ऑर्गन आणि सारंगी शेजारी शेजारी बसत होती, तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस होता. परदेशी पेटीवर रागदारी गाणं चालतं याचं कोणाला नवल वाटेनासं झालं ते त्या काळात.

आता जॅझ. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे बँड आले, लिऑन अॅबीचा बँड 1935 मधला, आणि त्यांचं ऐकून गोव्याकडचे वादक तयार झाले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड हे त्यातले. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाद्यमेळ लिहून द्यायचा. गोव्याचेच व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये रागांवर सिम्फनी रचून मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात कार्यक्रम केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते, आणि त्याच वर्षी अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक मुंबईत येऊन सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसोबत वाजवून गेला. पण स्टुडिओतल्या कामावर वाद्यमेळ लिहिणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा यायचंच नाही, संगीतकाराचं यायचं. आमच्या बँडवाल्यांचंही तेच, गाडीवर मालकाचं नाव मोठं आणि क्लॅरिनेटवाला कोण ते कोणालाच माहीत नाही. हे मला आजही खुपतं.

मग 1960 च्या सुमारास जॅझच बदललं. आधी जॅझवाला सतत बदलणाऱ्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) वळणावळणानं पळायचा आणि रागवाला एका 'सा'वर बसून वाढवायचा, दोघांना एकत्र बसणं अवघड. मोडल जॅझ आलं, एकाच स्वरसप्तकात बराच वेळ थांबायची सवय लागली, तेव्हा मध्ये जागा तयार झाली. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं तर मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. लयीतही तसंच, तीनतालाच्या 16 मात्रा आणि जॅझमधले चार-चार मात्रांचे चार बार (बार म्हणजे मात्रांचा एक गट) हिशोबाला सारखेच, आणि सवाल-जवाब त्यांच्याकडेही आहे, आळीपाळीनं चार-चार बार वाजवतात.

'शक्ती' 1970 च्या दशकात निघालं, गिटारवर जॉन मॅकलॉग्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटम या मातीच्या घड्यावर विक्कू विनायकराम. माझ्या मते तिथं नवीन काय होतं तर मिसळण नव्हे, बरोबरी. कोणी साथीला नाही, घटमवाल्यालाही पुढचं आसन. 1978 पासून मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका आर. ए. रमामणी यांच्यासारख्यांनी कर्नाटकी गायन आणि जॅझ पियानो एकत्र आणलं. 2024 च्या फेब्रुवारीत 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं आणि त्याच डिसेंबरात झाकीरभाई गेले. माझ्या ओळखीतल्या तबला शिकणाऱ्या पोरांनी त्या आठवड्यात रियाजाला हात लावला नाही.

इथल्या पोरांचा रस्ता आता असा असतो, लहानपणी गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, जमलं तर विशारद, मग पुणे किंवा मुंबई, आणि तिथं कॉर्ड, चार्ट (कागदावर लिहिलेलं संगीत) वाचणं हे वेगळं शिकावं लागतं कारण इथं शिकवणारे फार कमी. घरी जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव दर वर्षी असतो, तिथं ख्याल, नृत्याच्या जोडीनं फ्यूजनही ऐकायला मिळतं, म्हणजे ऐकणारा माणूस आहे. तारखा मात्र लग्नसराईतच जास्त मिळतात, म्हणून राग-जॅझवाला सॅक्सवाला मे महिन्यात वरातीतही वाजवतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, सलग तीन तास फुंकायचा दम तिथंच तयार होतो. मानधन चौघांत सारखं वाटायचं आणि पोस्टरवर चौघांचं नाव एकाच टायपात छापायचं, असं ठरवूनच बरेच ग्रुप सुरू होतात, आणि आयोजकाचा फोन आला की पहिला प्रश्न तरी अजून तोच असतो, "मेन आर्टिस्ट कोण?"